इंग्रजीतला 'दाऊ' : एकेरी की आदरार्थी?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील राणीच्या दालनातला प्रवेश, म्हणजे आई आणि मुलगा समोरासमोर येतात तो प्रवेश, तुम्ही नाट्यवाचनासाठी मराठीत आणत आहात. 'दाऊ', 'दी', 'दाय' ही जुनी इंग्रजी सर्वनामे बायबलमध्ये आणि प्रार्थनांमध्ये देवासाठी येतात, म्हणून ती आदरार्थीच असणार असे धरून ती जिथे आली तिथे तुम्ही 'आपण' योजले आणि जिथे साधा 'यू' आला तिथे 'तू' केले. आता राणी मुलाला 'आपण' म्हणते, मुलगा राणीला 'तू' म्हणतो आणि वाचताना काहीतरी उलटे झाल्यासारखे वाटते. दिग्दर्शक म्हणतात, सगळीकडे 'तू' करा. तुमचे एक स्नेही म्हणतात, जुना काळ दिसावा म्हणून 'आपण'च राहू द्या. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमचा कान बरोबर सांगतो आहे. खरोखरच उलटे झाले आहे. 'दाऊ' हा एकेरी शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'तू' असा आहे. मात्र एवढे उत्तर देऊन थांबले तर दिग्दर्शकांची सूचना योग्य ठरेल आणि तुमचा प्रवेश सपाट होईल. शेक्सपिअरच्या काळात 'दाऊ' आणि 'यू' अशी जोडी होती, आणि बोलणारा प्रत्येक वेळी त्या दोहोंतून एक निवडत होता. म्हणून 'दाऊ'चा अर्थ काय, याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की या पात्राने या क्षणी या माणसाला 'यू' न म्हणता 'दाऊ' का म्हटले. मी पंचवीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी नाटक शिकवत आले आणि त्याबरोबर भाषांतरेही करत आले. या सर्वनामांनी मला जेवढे शिकवले तेवढे टीकाग्रंथांनीही शिकवले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी शब्दाची घडण पाहू. संस्कृत 'त्वम्', लॅटिन 'तू', मराठी 'तू' आणि इंग्रजी 'दाऊ' ही एकाच प्राचीन सर्वनामाची रूपे आहेत. जुन्या इंग्रजीत 'दाऊ' एकवचनी होता आणि आदर-अनादराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. एका माणसाशी बोलताना तो, अनेकांशी बोलताना 'यी', इतकाच हिशेब होता. 'दाऊ' कर्ता असताना येतो, 'दी' म्हणजे तुला, 'दाय' म्हणजे तुझा, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल किंवा 'तुझा' हा शब्द एकटा उभा असेल तर 'दाइन'. अनेकवचनात 'यी' म्हणजे तुम्ही आणि 'यू' म्हणजे तुम्हांला. आज इंग्रजीत सर्वत्र वापरला जाणारा 'यू' मूळचा असा, अनेकवचनी आणि तोही कर्त्याचा नव्हे. 'दाऊ'बरोबर क्रियापदालाही वेगळा प्रत्यय लागतो: 'दाऊ आर्ट', 'दाऊ हॅस्ट', 'दाऊ नोएस्ट'. आपण 'आहेस', 'जाणतोस' म्हणतो तेव्हा शेवटी जो 'स' येतो, त्याच्याशी या 'एस्ट'चे जुने नाते आहे. संस्कृतातल्या 'गच्छसि'मध्येही तोच 'स' ऐकू येतो. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ही रूपे परकी आणि अवघड वाटतात, पण मराठी मुलांना एकदा हे दाखवले की ती चटकन लक्षात राहतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

मग यात मानपान कुठून आले? तेराव्या शतकापासून, इंग्लंडच्या उच्च वर्तुळांत फ्रेंचचा पगडा होता त्या काळात, एका व्यक्तीलाही मानाने अनेकवचनात संबोधण्याची फ्रेंच रीत इंग्रजीत शिरली. राजाला, सरदाराला, धन्याला, वडिलांना 'यी' आणि 'यू' म्हणू लागले. आपल्याकडचे आदरार्थी बहुवचन जसे 'तुम्ही'मध्ये आहे, तसेच हे. साहजिकच उरलेल्या 'दाऊ'च्या वाट्याला आपल्या 'तू'चे सगळे रंग आले. मोठ्याने लहानाला, मालकाने नोकराला म्हणायचा तो 'दाऊ'. प्रियकराने प्रेयसीला, जिवलग मित्राने मित्राला म्हणायचा तोही 'दाऊ'. आणि बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाला मुद्दाम म्हटला तर तो अपमान.

हा अपमान किती झोंबणारा असे, याचे नाटकाबाहेरचे उदाहरण 1603 सालचे आहे. सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला विंचेस्टर येथे चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणारे एडवर्ड कोक भर न्यायालयात रॅलेला 'दाऊ' म्हणाले, आणि नुसते म्हणून थांबले नाहीत, तर त्या सर्वनामाचेच क्रियापद करून त्यांनी बजावले: 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर'. आधुनिक इंग्रजीत हे वाक्य समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठीत ते जसेच्या तसे येते, कारण आपल्याकडे त्यासाठी क्रियापद तयार आहे: 'राजद्रोह्या, मी तुला अरेतुरे करतो आहे.' शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्येही हेच क्रियापद येते. सर टोबी आपल्या भित्र्या मित्राला द्वंद्वाच्या आव्हानाचे पत्र कसे लिहावे ते शिकवताना सांगतो की त्याला दोन-तीनदा अरेतुरे केलेस तरी वावगे होणार नाही. भांडण 'एकेरीवर आले' असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय घडते, हे ज्याला कळते त्याला 'दाऊ'चा निम्मा अर्थ आधीच कळलेला असतो.

आता तुमच्या गैरसमजाकडे येते, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. मी शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात तो होता आणि इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या पुष्कळ लोकांचाही तो आहे. 1611 साली राजा जेम्सच्या आज्ञेने केलेले बायबलचे भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा बोलण्यातून 'दाऊ' मागे सरू लागला होता. तरीही त्या भाषांतरकारांनी तो ठेवला, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत एकवचन आणि अनेकवचन वेगळे होते आणि त्यांना तो भेद राखायचा होता. त्या बायबलमध्ये देवाला 'दाऊ' आहे, सैतानालाही 'दाऊ' आहे, राजाला 'दाऊ' आहे आणि दासालाही. तिथे मानाचा प्रश्नच नाही, फक्त समोर एकजण आहे की अनेक, एवढेच पाहिले आहे. पुढे 1700च्या सुमारास प्रमाण बोलीतून 'दाऊ' जवळजवळ नाहीसा झाला, पण चर्चमधील वाचनात आणि प्रार्थनेत तो तसाच राहिला. लोकांच्या कानावर तो शब्द फक्त देवाच्या संदर्भात पडू लागला आणि पिढ्या गेल्या तसा त्याला सोवळेपणा चिकटला. पुढे तर असे झाले की 1952 साली पूर्ण झालेल्या अमेरिकेतील सुधारित बायबलमध्ये माणसांसाठी सर्वत्र 'यू' करण्यात आला आणि 'दाऊ' फक्त देवाला उद्देशून ठेवण्यात आला. ज्या शब्दाने धनी नोकराला हाक मारत असे, तो केवळ ईश्वरासाठी राखून ठेवण्याइतका पवित्र ठरला. 1989च्या आवृत्तीत तोही गेला.

पण देवाला मुळात 'दाऊ' म्हणण्यात अनादर नव्हता, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. तुकोबा विठ्ठलाला 'तू' म्हणतात, त्याच्याशी भांडतात, त्याला माउली म्हणतात, आणि त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. आपण आईला 'तू' म्हणतो आणि देवालाही, कारण तिथे मानाची पायरी ओलांडलेली असते. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत स्वर्गातील पित्याला 'तुझे नाव पवित्र मानिले जावो' असे म्हटले जाते, तिथे इंग्रजीत 'दाय' आहे आणि मराठी अनुवाद अगदी बिनचूक आहे. मला या बाबतीत फादर स्टीफन्स यांची नेहमी आठवण येते. 'दाऊ' जिवंत असलेल्या इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस 1579 साली गोव्यात आला, तिथली भाषा शिकला आणि त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले, जे 1616 साली छापले गेले. शेक्सपिअरचे निधन झाले तेच हे वर्ष. त्याच्या मंगलाचरणात परमेश्वराला 'तूं' म्हटले आहे. मातृभाषेतला 'दाऊ' आणि मराठीतला 'तूं' या दोहोंची जातकुळी एकच आहे, हे त्याला कोणत्याही कोशाशिवाय कळले असणार.

एकवचन-अनेकवचनाचा हा भेद किती अर्थ वाहतो, याचे एकच उदाहरण देते, कारण भाषांतरकाराला ते फार उपयोगी आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिमोनाला सांगतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळण्याची मागणी केली आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पहिल्या वाक्यात 'यू' आहे, म्हणजे सगळे शिष्य; दुसऱ्यात 'दी' आहे, म्हणजे एकटा शिमोन. संकट सर्वांवर येणार आहे आणि प्रार्थना एकासाठी केली आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' येतो आणि हा फरक वाचकाच्या हातून निसटतो. मराठीत 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' म्हटले की काहीच करावे लागत नाही.

आता नाटकाकडे वळते. तुम्ही निवडलेला प्रवेश या दृष्टीने शेक्सपिअरच्या सर्वांत श्रीमंत प्रवेशांपैकी एक आहे. सुरुवातीलाच राणी म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड'. आई मुलाला रागावते आहे, म्हणून 'दाऊ'. वडील म्हणजे तिच्या मनात क्लॉडियस, मुलाचा सावत्र बाप. हॅम्लेट तेच वाक्य उलटवतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड'. त्याच्या मनातले वडील म्हणजे मारला गेलेला राजा, आणि त्याचा 'यू' बर्फासारखा थंड आहे. लगेच पुढच्या ओळीत राणीचाही 'यू' होतो. मुलाने अंतर ठेवले, तसे तिनेही ठेवले. दोन ओळींच्या आत आई आणि मुलगा यांच्यात दार लागते आणि ते लावण्याचे काम एका सर्वनामाने केलेले असते.

पुढे पाहा. हॅम्लेट तिला हाताला धरून बसवतो, तिला जिवाची भीती वाटते आणि ती एकदम 'दाऊ'वर येते: तू काय करणार आहेस, माझा खून तर करणार नाहीस ना? भीतीत माणूस औपचारिक राहत नाही. पडद्यामागे पोलोनियस मारला जातो. जिवंतपणी या म्हाताऱ्या मंत्र्याला हॅम्लेट चेष्टेतसुद्धा सहसा 'यू' म्हणत असे. त्याच्या प्रेताला तो 'दाऊ' म्हणतो. मग मुलगा आईला तिच्या वागण्याचा आरसा दाखवतो आणि ती कोसळते, तेव्हा तिच्या तोंडी पुन्हा 'दाऊ' आहे: तू माझे डोळे माझ्याच आत्म्याकडे वळवलेस, तू माझ्या काळजाचे दोन तुकडे केलेस. इथला 'दाऊ' पहिल्या ओळीतल्या दटावणीचा नाही. तिचा हक्क गळून पडला आहे आणि जवळीक उरली आहे. या सबंध प्रवेशात हॅम्लेट मात्र आईला 'यू'च म्हणत राहतो. तो जेव्हा तिला कळकळीने विनवतो तेव्हाही सर्वनाम बदलत नाही. मला या एकतर्फीपणात या प्रवेशाचे सगळे दुःख दिसते: आई पुन्हा पुन्हा दार उघडते आणि मुलगा उंबरठ्याबाहेरच उभा राहतो.

हे मराठीत आणायचे तर अडचण कुठे येते ते स्पष्ट सांगते. मराठी घरात मुलगा आईला 'तू' म्हणतो. वडिलांना 'तुम्ही' किंवा 'अहो' म्हणणाऱ्या पिढ्यांतही आईला 'तू'च होते. त्यामुळे 'आई, तुम्ही' असे लिहिले तर ते थंड न वाटता चुकीचे वाटते, जणू लेखकाला मराठी येत नाही. पण ही राणी आहे आणि हा युवराज आहे, हे आपल्या मदतीला येते. 'आईसाहेब, आपण' हे मराठी कानाला राजघराण्याचे म्हणून पटते आणि योग्य जागी आले तर त्यातला दुरावाही ऐकू येतो. राणीचा 'यू' कसा आणायचा हा दुसरा पेच. आईने मुलाला 'तुम्ही' कसे म्हणावे? इथे आपल्या घरांतलीच एक लकब कामी येते. चिडलेली मराठी आई मुलाला 'हो, आता तुम्ही मोठे झालात ना' असे म्हणते, आणि त्या 'तुम्ही'चा चटका मुलाला बरोबर बसतो. मी स्वतः हा भाग असा केला होता:

'हॅम्लेट, तू आपल्या वडिलांचं मन फार दुखावलंस.'

'आईसाहेब, माझ्या वडिलांचं मन फार दुखावलंत ते आपण.'

'पुरे, पुरे. उत्तर द्यायची ही काय रीत झाली तुमची?'

'जा, जा. आणि विचारायची ही रीत आपली?'

हे अंतिम आहे असे माझे म्हणणे नाही. तुमचे रूपांतर डेन्मार्कच्या राजवाड्यात न ठेवता एखाद्या वाड्यात किंवा आजच्या फ्लॅटमध्ये आणले असेल, तर 'आईसाहेब' चालणार नाही, आणि मग मुलाचा दुरावा सर्वनामाऐवजी दुसऱ्या कशाने तरी दाखवावा लागेल: 'आई' ही हाक पूर्ण टाळून, तुटक वाक्यांनी, किंवा कर्ता गाळून 'दुखावलं गेलंय ते माझ्या वडिलांचं मन' अशा कर्मणी रचनेने. काळ आणि घर ठरल्याशिवाय सर्वनाम ठरवता येत नाही.

नवरा-बायकोच्या बाबतीत हा पेच अधिक नाजूक होतो. 'ज्युलिअस सीझर'मध्ये सीझरच्या हत्येच्या आदल्या रात्री पोर्शिया ब्रूटसला विचारते की तुमच्या मनात काय चालले आहे ते मला का सांगत नाही. ती 'यू' म्हणते, तोही 'यू' म्हणतो. खानदानी रोमन जोडपे, परस्परांचा मान राखणारे. 'तुम्ही माझी खरी आणि सन्माननीय पत्नी आहात' हे वाक्यसुद्धा तो 'यू'नेच बोलतो. तिची जिद्द पाहून तो विरघळतो, दारावर थाप पडते आणि तो म्हणतो, पोर्शिया, जरा आत जा, थोड्याच वेळात माझ्या हृदयातली गुपिते तुझ्या हृदयाला कळतील. इथे तो 'दाय' म्हणतो. गुपित सांगण्याचे वचन आणि एकेरी सर्वनाम एकाच श्वासात येतात. जुन्या मराठी संसारात नवरा बायकोला आरंभापासूनच 'तू' म्हणतो आणि बायको 'अहो' म्हणते, त्यामुळे ब्रूटसला 'यू'वरून 'दाय'वर यायला मराठीत जागाच उरत नाही. एका विद्यार्थिनीने यावर काढलेला मार्ग मला फार आवडला होता. तिने ब्रूटसकडून आधी पोर्शियाला नावाने हाक मारूच दिली नाही, 'आपल्यासारखी पत्नी' अशी दरबारी भाषा ठेवली आणि त्या शेवटच्या वाक्यात प्रथमच नाव आणि 'तुझ्या' एकत्र आणले. सर्वनामाचे काम तिने हाकेवर सोपवले होते.

वरच्या माणसाला 'दाऊ' म्हटल्याचा धक्का पाहायचा असेल तर 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश वाचा. लिअर धाकट्या मुलीला हाकलून देतो, तेव्हा आजवर आदबीने बोलणारा सरदार केंट राजालाच विचारतो, म्हाताऱ्या, तू काय करणार आहेस? दरबारात कोणी श्वासही घेतला नसेल. मराठीत इथे 'महाराज, आपण' ठेवले तर सगळे गेले. मी सुरुवातीच्या काळात एका सादरीकरणासाठी हेच केले होते. राजाला सरदार एकेरीत बोलेल हे मला पटेना, म्हणून मी केंटला सभ्य केले. तालमीत तो भाग निर्जीव होत राहिला, नटाला राजा एवढा का संतापतो ते कळेना, आणि कारण मूळ संहितेत नव्हते, माझ्या 'आपण'मध्ये होते. ती चूक सापडल्यापासून मी एक पद्धत पाळते. भाषांतराला हात लावण्यापूर्वी मूळ प्रवेशाच्या छापील प्रतीवर प्रत्येक 'दाऊ' लाल पेन्सिलीने आणि प्रत्येक 'यू' निळ्या पेन्सिलीने अधोरेखित करते. मग अर्थ न वाचता फक्त रंग पाहत जाते. जिथे एका पात्राचा रंग बदलतो, तिथे समासात लिहून ठेवते की हा बदल रागाचा, मायेचा, भीतीचा की हुकमाचा. तुमचा प्रवेश असा रंगवायला तासभर पुरेल आणि तो तास वाया जाणार नाही.

मात्र प्रत्येक बदलाला अर्थ असतोच असे धरू नका. 1600च्या आसपास 'यू' हे रोजच्या बोलण्यातले साधे सर्वनाम होत चालले होते, त्यामुळे 'यू' आला म्हणजे दर वेळी मान किंवा दुरावा अभिप्रेत असतो असे नाही. कधी वृत्तात एक मात्रा हवी असते, कधी 'दी'ला यमक जुळत असते. माझा नियम असा की 'यू'च्या पार्श्वभूमीवर अचानक 'दाऊ' आला तर थांबून विचार करायचा. उलट बाजूने घसरण झाली आणि आसपास भावनेचा काही पुरावा नसला तर तिच्यावर इमारत बांधायची नाही.

शेक्सपिअरच्या पुढच्या काळातला 'दाऊ' दिसला तर वेगळा विचार करावा लागतो. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी सर्वांना, न्यायाधीशालासुद्धा, 'दाऊ' म्हणत, कारण एका माणसाला अनेकवचनात संबोधणे ही त्यांच्या मते खोटी खुशामत होती. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. म्हणून 1851च्या 'मोबी डिक'मधील क्वेकर जहाजमालक 'दी' आणि 'दाऊ' म्हणतात ते त्यांच्या पंथाची खूण म्हणून, उर्मटपणाने नव्हे. यॉर्कशरच्या ग्रामीण बोलीत हा शब्द पुढेही बोलला जात राहिला, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत गडीमाणूस 'दाऊ' म्हणत असेल तर ती त्याची बोली समजावी. 1940च्या 'फॉर हूम द बेल टोल्स'मध्ये हेमिंग्वेने स्पॅनिशमधील एकेरी संबोधन दाखवण्यासाठी तो वापरला; तिथे मराठी भाषांतरकाराने निःशंक 'तू' लिहावे.

कवितेतला 'दाऊ' तर निराळाच. कीट्स ग्रीक कलशाला, शेली पश्चिमेच्या वाऱ्याला 'दाऊ' म्हणतो, तेव्हा बोलीतला भेद मावळून शतक उलटलेले आहे. तिथे 'दाऊ' म्हणजे केवळ कवितेचा उंच सूर आहे, प्रार्थनेच्या जवळचा. रवींद्रनाथांनी 1912च्या इंग्रजी 'गीतांजली'त 'दाऊ हॅस्ट मेड मी एंडलेस' असे लिहिले, तेव्हा त्यांनी हाच सूर घेतला. बंगालीत तिथे 'तुमि' आहे. अशा ओळींना मराठीत 'तू'च लागतो. तुमच्या स्नेह्यांना हवा असलेला जुनेपणा आणायचा असेल तर तो शब्दकळेतून, वाक्याच्या चालीतून आणावा. 'आपण' घातल्याने काळ जुना होत नाही, फक्त माणसे दूर जातात. शिवाय 'आपण'ला मराठीत दुसरा अर्थही आहे, आणि 'आपण मरणार' हे वाक्य रंगमंचावर ऐकताना प्रेक्षक क्षणभर तरी 'म्हणजे दोघेही?' असा विचार करतो.

मराठीची एक मोठी सोय मात्र विसरू नका. इंग्रजीला प्रत्येक वाक्यात सर्वनाम लागते. आपल्याला लागत नाही. 'कुठे होतास?' आणि 'कुठे होतात?' यांत सर्वनाम नाही, तरी नाते ऐकू येते. राणी 'यू'वरून 'दाऊ'वर येते तिथे 'तू' हा शब्द ठळकपणे घालण्याऐवजी फक्त क्रियापदाचा शेवट बदलला तर बदल अधिक हळुवार उतरतो आणि नटीला तो आवाजात पेलता येतो.

तेव्हा तुमच्या संहितेपुरते सांगायचे तर राणीच्या तोंडचे सर्व 'आपण' काढा आणि 'तू' करा, फक्त तिच्या दुसऱ्या वाक्यातला आणि जिथे मूळ 'यू' आहे तिथला चटका 'तुम्ही'ने राखा. हॅम्लेटच्या तोंडचे सर्व 'तू' काढून 'आपण' करा आणि ते शेवटपर्यंत सोडू नका. प्रवेशाच्या अखेरीस राणी मुलाला वचन देते, आणि तिथे मूळ इंग्रजीत 'बी दाऊ अशुअर्ड' आहे. दिग्दर्शकांबरोबर बसाल तेव्हा या ओळीपासून सुरुवात करा. माझ्या वहीत ती अशी आहे: 'खात्री असू दे तुझी. शब्द श्वासाचे असतात आणि श्वास जिवाचा असतो. तू मला जे सांगितलंस ते बाहेर सोडायला माझ्यात जीवच उरलेला नाही.'